खोकला अज्ञानाचा की हजारी दराचा?

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणी भागातल्या बिडी कामगार बायकांच्या दुखण्यांचा विषय निघाला की शहाण्यांचे उत्तर तयार असते. या बायकांना कळत नाही, तोंडाला फडके बांधत नाहीत, दुखणे अंगावर काढतात. प्रबोधन केले की सुधारेल. हे निदान सोयीचे आहे, कारण त्यात रोगीच आरोपी ठरतो आणि बाकीचे सुटतात. बिडी वळणाऱ्या बहुतेक बायका बिडी ओढत नाहीत. तरीही बिडी कामगारांच्या लघवीच्या तपासण्यांत निकोटिनचे अंश सापडले आहेत, कारण ते कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते. मांडीवर सूप, सुपात जर्दा, पत्री म्हणजे पत्र्याचा साचा ठेवून कापलेले तेंदूपान, त्यात चिमूटभर जर्दा भरून वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा बांधायचा. फडके बांधून बोटांतून जाणारे निकोटिन कसे अडणार? शिवाय हे सारे चालते त्याच खोलीत स्वयंपाक होतो आणि मूल निजते. कारखान्याची धूळ कारखानदाराने कामगाराच्या घरात ठेवायला दिली आहे, तीही बिनभाड्याने.

मजुरी हजार बिड्यांवर मिळते. त्यातून सट्टेदार, म्हणजे कंत्राटदार, खराब ठरवलेल्या बिड्यांची 'छाट' काढतो, पान कमी पडले तर ते पदरचे घ्यावे लागते. अशा हिशेबात दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, अधिक तिकीट, अधिक औषध. दुखणे अंगावर काढणारी बाई अडाणी नसते. तिचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो. दुखण्याचा इलाज औषधाबाहेर शोधणे नवे नाही: 1848 साली टायफसची साथ पाहायला अप्पर सायलेशियात गेलेल्या रुडॉल्फ विर्शोने इलाज म्हणून शिक्षण, स्वातंत्र्य आणि कररचनेतले बदल सुचवले होते, आणि तो तर पेशाने डॉक्टर होता.

"पण घरबसल्या काम आहे, सक्ती कुणी केली?" असा आक्षेप येतो. सक्तीला दरवेळी सोटा लागत नाही, दुसरे काम नसले की पुरते. आणि या भागातले लोक निमूट सोसत आले, असेही नाही. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींतल्या बायका 1980च्या सुमारास संघटित झाल्या आणि मजुरीसाठी व मानाच्या वागणुकीसाठी लढल्या. युगांतर या गटाने 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात शेतकरी मेले. या लोकांना आपल्या दुखण्याचे कारण कळत नव्हते, असे कोण म्हणेल?

दुसरा तोडगा विम्याचा. महाराष्ट्राने 2023 मध्ये कर्नाटकातल्या, पण आपला दावा असलेल्या सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचे ठरवले आणि कर्नाटकने त्याला हरकत घेतली. कोल्हापूर निपाणीला बेळगावपेक्षा जवळ असल्याने तिथे उपचार मिळणे उपयोगाचेच आहे, आणि रोग्याला राज्य विचारू नये हेही खरे. पण कोणत्याही राज्याचे असे कार्ड मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडते. वर्षानुवर्षे साठणारी धूळ, मान-पाठीचे दुखणे आणि बुडालेली मजुरी त्याच्या हिशेबात येत नाही. सीमाप्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे पुढारी कार्डावरून जेवढे बोलतात, त्याच्या चौथाई तरी हजारी दरावर बोलतात का?

एक आक्षेप मात्र खरा आहे: दर वाढवला तर काम स्वस्त मजुरीच्या भागात जाईल. राज्याराज्यांत किमान दर वेगळे असताना ती पळवाट राहणारच. म्हणून किमान दराचा पाया देशभर एक हवा. 1966च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरखेप, म्हणजे घरी बसून बिडी वळणाऱ्या, कामगारालाही कामगार मानले होते. पण नाव सट्टेदाराच्या वहीत नीट नसेल तर त्या मानण्याचा उपयोग शून्य. 1976च्या कायद्याने बिडीवर उपकर बसवला, त्यातून कल्याण निधी उभा राहिला, दवाखाने चालले. जीएसटी आल्यावर 2017 मध्ये तो उपकर गेला. बिडीवरचा कर आजही सरकारी तिजोरीत जातोच आहे. त्यातून ठरावीक वाटा पुन्हा या कामगारांसाठी राखून ठेवावा, आणि पहिला खर्च आजारपणातल्या दिवसांच्या मजुरीवर करावा.