दुरुस्त करून देऊ नका

मी उर्दूतून मराठीत अनुवाद करते. या वीसेक वर्षांत गझलांच्या अनुवादांना जोडलेल्या टिपणांत मी एक वाक्य निदान चार वेळा लिहिलं आहे : 'आशयाला धक्का लागू नये म्हणून मूळ वृत्ताचा आग्रह सोडला आहे.' हे वाक्य खोटं होतं. मला वृत्त येतच नव्हतं, आणि जे हातात नाही ते सोडणार कसं? तौलनिक साहित्यात एम. ए. करताना फारसी बहर आणि मराठी वृत्तं यांच्या नात्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. माधव जूलियनांची 'गज्जलांजलि' १९३३ची, हे मला पाठ होतं. पण भुजंगप्रयातात चार ओळी लिहून आण, असं मला कोणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या आल्या नसत्या.

म्हणून वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी हैदराबादेत एका घरगुती बैठकीला जायला लागले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा-बारा मराठी माणसं जमतात, बहुतेक साठीच्या पुढची. चहा-पोहे होतात, मग प्रत्येकानं आणलेली गझल वाचायची. या लोकांनी मला जे दिलं त्याचं ऋण मी मानते. तरीही पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्याविरुद्ध आहे, आणि थोडं माझ्याविरुद्धही.

सहाव्या की सातव्या बैठकीला मी एक शेर नेला. त्याची दुसरी ओळ अशी होती :

आज तुझ्या अंगणाशी थांबले

लगावली 'गालगागा गालगागा गालगा'. मी शाळेत शिकले होते की जोडाक्षराच्या आधीचं ह्रस्व अक्षर गुरू होतं. त्या हिशेबानं 'तुझ्या' म्हणजे गागा. कागदावर ओळ चोख बसत होती. मी वाचली, आणि बैठकीतल्या सर्वांत ज्येष्ठ कवींनी हात वर केला. "तुझ्या नाही बसत. त्याच्या करा." त्यांनी ओळ म्हणून दाखवली : 'आज त्याच्या अंगणाशी थांबले.' मंडळी 'वा, वा' म्हणाली. पंधरा सेकंदांत काम झालं, पुढच्यांची पाळी आली.

ओळ आता खरोखरच निर्दोष होती. ती बैठकीच्या वार्षिक अंकात माझ्या नावानं छापून आली. दोन मैत्रिणींनी फोन करून विचारलं, हा 'तो' कोण?

'तो' कोणीच नव्हता. परभणीचं आमचं घर आई गेल्यावर विकलं. कागदांवर सही करायला गेले होते, तेव्हा नव्या मालकानं कुलूप बदललेलं होतं. मी अंगणातूनच परत आले. 'तुझ्या' म्हणजे आईच्या. एका सर्वनामाची दुरुस्ती झाली आणि आई माझ्या शेरातून निघून गेली. तिच्या जागी गझलेतला तो नेहमीचा प्रियकर येऊन बसला. आणि मी काय केलं? मान डोलावून 'धन्यवाद, सर' म्हणाले.

भांडण इथेच आहे. ज्येष्ठांनी चूक दाखवली याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा कान अचूक होता. तक्रार अशी, की त्यांनी चूक दाखवलीच नाही, ती पुसून टाकली. 'तुझ्या' का बसत नाही हे मला कळलंच नाही. पुढच्याच महिन्यात मी 'पुन्हा' हा शब्द तसाच गागाच्या जागी घालून आणला. तोही पंधरा सेकंदांत बदलून मिळाला. वर्षभर मी अशा बदलून मिळालेल्या ओळी गोळा करत होते आणि त्याला शिकणं म्हणत होते.

कारण मला सांगितलं ते दुसऱ्या एका काकांनी. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नावावर एकही संग्रह नाही, बैठकीत फारसं बोलत नाहीत. अंक वाचून त्यांनी मला जिन्यात गाठलं. "बाई, हा तो कोण?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "मग आई गेली कुठे?" आणि तिथेच कठड्यावर बोटं वाजवत त्यांनी मला दोन शब्द म्हणायला लावले : विद्या, तुझ्या. विद्या, तुझ्या. कागदावर दोन्हींची बांधणी सारखीच. पण 'विद्या' म्हणताना जीभ 'वि'वर टेकते, 'तुझ्या' म्हणताना 'तु'वर टेकत नाही. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तरच ते गुरू होतं. 'पुस्तक'मधला 'पु' गुरू, 'पुन्हा'मधला लघू. संस्कृतचा नियम मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही. मराठी कान वेगळं ऐकतो.

मग ते म्हणाले, "तुझ्या म्हणजे ल-गा. तुमच्या लगावलीत ल-गाच्या जागा किती, मोजून या. त्यातली एक तुमची."

जागा तीन होत्या. आठ दिवसांनी मी ओळ नेली : 'थांबले आहे तुझ्या दारात मी.' अंगण गेलं, दार आलं. ते नुकसान मी स्वतः पत्करलं होतं. काकांनी दोनदा म्हणून पाहिली. "वजनात आहे. पण 'आहे' काय करतं इथे?" मी कबूल केलं की भरतीचं आहे. "मग काढा." काय घालू, ते सांगितलं नाही. मला राग आला. दोन गुरूंचा एक शब्द हवा होता आणि हा माणूस जिन्यात उभा राहून सांगत नव्हता. तीन आठवडे गेले. मग एके दिवशी भाजी निवडताना ओळ आली :

थांबले आई तुझ्या दारात मी

'आहे'चं 'आई' झालं, एवढाच फरक. पण हा शब्द मी मुळात टाळला होता. 'तुझ्या'च्या आड लपवला होता. वृत्तानं दोन गुरू मागितले, भरती चालणार नाही असं एका माणसानं बजावलं, आणि जे म्हणायचं धैर्य नव्हतं ते म्हणावं लागलं. ओळ थोर आहे असा माझा दावा नाही. ती माझी आहे, एवढाच आहे.

यावर मला उत्तरं मिळाली आहेत. ती तोंडी मिळाली, म्हणून इथे लिहून त्यांना उत्तर देते.

पहिलं उत्तर परंपरेचं. 'इस्लाह' ही उर्दूतली मान्य पद्धत आहे : शागिर्दानं गझल दाखवायची, उस्तादानं लेखणी चालवायची. माझ्याच शहराचा दाखला देतात. दाग देहलवी इथे निजामाचे उस्ताद होते. १९०५ साली ते इथेच वारले. तरुण इक्बालांनी आपल्या गझला त्यांच्याकडे टपालानं पाठवल्या होत्या. खरं आहे. पण थोड्याच काळात दागांनी इक्बालांना कळवलं की आता दुरुस्तीची फारशी गरज उरलेली नाही. ही गोष्ट सांगणारे ज्येष्ठ हे शेवटचं वाक्य गाळतात. किती उस्ताद आपल्या शिष्यांना असं पत्र पाठवतात? आमच्या बैठकीत पंधरा पंधरा वर्षं येणारे लोक आहेत. त्यांच्या ओळी अजूनही दर महिन्याला दुरुस्त होतात. गालिबनं हरगोपाल तफ़्तांना लिहिलेली पत्रं उघडून पाहा. शब्द का चालत नाही याचा तिथे खल आहे, कारणं आहेत, कधी चिडचिड आहे. शिष्याला वाद घालायला जागा आहे. परंपरा सांगायची तर ही पूर्ण सांगा.

दुसरं उत्तर व्यवहाराचं : नवशिक्यांना कारणं नको असतात, छापता येईल अशी ओळ हवी असते. हेही खरं आहे, आणि इथे आरोपी मी आहे. 'त्याच्या' मिळालं तेव्हा मी का थांबवलं नाही? कारण टाळ्या पडल्या होत्या. शिकणारा दुरुस्त ओळ घेतो तेव्हा तो स्वस्तात सुटतो, आणि देणाऱ्याला आपला हात अजून चालतो याचं समाधान मिळतं. सौदा दोघांनाही सोयीचा आहे. त्याची किंमत मात्र गझलेला पडते. आमच्या अंकातल्या बारा जणांच्या गझला नावं झाकून वाचा. एकाच माणसानं लिहिल्यासारख्या वाटतील. बऱ्याच अंशी त्या एकाच माणसानं लिहिल्या आहेत.

तिसरं उत्तर बैठकीबाहेरून येतं आणि ते सर्वांत गंभीर आहे. मुक्तछंदात लिहिणारे माझे मित्र म्हणतात, हा सगळा खटाटोपच कशाला? गणवृत्तं ही पाठशाळेतल्या मूठभरांची मिरास होती. ज्यांना अक्षरच नाकारलं गेलं त्यांनी ती झुगारली यात नवल काय? नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तो वृत्तात बसवून आला असता का? नसता, आणि तसं कोणी मागूही नये. पण मराठीतली सगळी मोजमापं पाठशाळेतून आलेली नाहीत. ओवी जात्यावरच्या बायांची. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग चोखोबांचा, जनाबाईंचा, तुकोबांचा. जोतीराव फुल्यांनी 'अखंड' लिहिले ते याच घाटात. वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्यावस्त्यांतून लोकांच्या तोंडी बसली, ती लय आणि यमक सांभाळूनच. ज्यांना कोणी शिकवलं नाही त्यांनी ऐकून, म्हणून, चुकून हे कमावलं. तेव्हा अन्याय मोजण्यात नाही, मोजायचं कसं ते न सांगण्यात आहे. कारण न सांगता दुरुस्त करणारा ज्येष्ठ हा त्या जुन्या पाठशाळेचाच वारस आहे. विद्या त्याच्याकडे राहते, समोरच्याला फक्त प्रसाद मिळतो.

आपल्याकडे उलट उदाहरणंही आहेत. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचना' लिहून वृत्तांचा सगळा कारखाना उघडा करून ठेवला. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि काफिया, रदीफ, अलामत म्हणजे काय हे नव्यांसमोर साध्या मराठीत मांडलं. एवढा मोठा कवी, पण किल्ली कमरेला लावून बसला नाही. बंगालीत नीरेंद्रनाथ चक्रवर्तींनी 'कबितार क्लास'मध्ये छंदशास्त्र सामान्य वाचकाला गप्पा माराव्यात तसं समजावलं. पण पुस्तकं पुरत नाहीत, हेही मला याच काळात कळलं. 'विद्या' आणि 'तुझ्या'मधला फरक मी छापलेला वाचला असता तरी कठड्यावर बोटं वाजल्याशिवाय तो माझ्या कानात उतरला नसता. अनुभवी माणूस शेजारी लागतो. म्हणून तर त्यानं काय करावं याबद्दल भांडायचं.

माझं मागणं मोठं नाही. ज्येष्ठांनी ओळ दोनदा मोठ्यानं म्हणावी. पाय कुठे अडखळतो ते सांगावं. का अडखळतो तेही सांगावं, आणि कारण सांगता येत नसेल तर 'कानाला खटकतं, कारण शोधू' असं म्हणावं. काय म्हणायचं होतं ते विचारावं, कारण वजनात बसणारे दहा शब्द असतात आणि त्यांतले नऊ दुसऱ्याच गोष्टी सांगतात. मग थांबावं. पर्याय देण्याचा मोह आवरावा. शिकणाऱ्यानं आयती ओळ मिळाली तर ती वहीच्या मागच्या पानावर लिहावी, कवितेत घालू नये. आणि बैठकीनं एका रविवारी बारा गझलांऐवजी तीनच ऐकाव्यात. पोहे तेवढेच लागतील.

हे मी बैठकीत बोलून दाखवलं आहे. ज्येष्ठ कवी रागावले. दोन महिने माझ्या गझलेवर ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, "चौथ्या शेरात काहीतरी खटकतं. बघा तुम्हीच." स्वर कडवट होता. पण मी घरी जाऊन पाहिलं आणि खरंच खटकत होतं. त्यांनी मला दिलेली ही सर्वांत उपयोगी सूचना.

उरला माझा स्वतःचा हिशेब. गेल्या महिन्यात मी चौदा उर्दू गझलांचे अनुवाद एका संपादकांकडे पाठवले. सोबतच्या टिपणात ते जुनं वाक्य आपोआप लिहिलं गेलं होतं. ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं : 'तीन गझलांत मूळ वृत्त मराठीत आणता आलं. उरलेल्या अकरांत मला ते जमलेलं नाही.'