चुंबक, संत्री आणि एक्सायटॉन

गेल्या शनिवारी काटोलला घरी गेलो होतो. संत्र्याच्या बागेत आमचा सोलर पंप आहे. बाबांनी एक पत्रक पुढे केलं. पॅनेलच्या मागे म्हणे खास चुंबक लावायचे, वीज वाढते! किंमत साडेचार हजार. "तू इंजिनिअर हायेस ना रे? सांग, खरं हाय का हे?"

"बोगस!" म्हणणार होतो, पण थांबलो. कारण गोष्ट अगदीच हवेतली नाही.

प्रकाश पडला की पदार्थातला इलेक्ट्रॉन उडी मारतो, मागे रिकामी जागा राहते. दोघं एकमेकांना धरून राहिले की त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. फ्रेंकेलने ही कल्पना १९३१ मध्ये मांडली. संत्र्याच्या पानात आणि मोबाइलच्या ओएलईडी स्क्रीनमध्ये याच जोड्या राबतात. टेट्रासीन नावाच्या सेंद्रिय पदार्थात तर एका एक्सायटॉनचे दोन होतात. त्यासाठी इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचा हिशोब जुळावा लागतो. चुंबक जवळ आणला की हिशोब बदलतो आणि पदार्थाची चमकही बदलते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोगशाळेत मोजलं गेलंय.

गंमत म्हणजे ०.१ टेस्लाच्या चुंबकाने स्पिनच्या ऊर्जेत पडणारा फरक खोलीतल्या उष्णतेच्या ऊर्जेच्या साधारण दोन हजारावा हिस्सा! म्हणजे चुंबक गाडी ढकलत नाही, नुसता रुळांचा सांधा बदलतो.

मग बाबांचं पॅनेल? ते सिलिकॉनचं. त्यात ही जोडी इतकी सैल असते की नेहमीच्या उष्णतेनेच सुटते. गाडीच नाही, तर सांधा कुणासाठी बदलणार?

मंडळी, सांगायचा मुद्दा हा की आपण शिकलेले लोक दोन टोकं गाठतो. एकतर सगळं बोगस, नाहीतर 'क्वांटम' शब्द दिसला की नमस्कार. दोन्ही आळसच. खरं विज्ञान विचारतं: कुठल्या पदार्थात? किती टेस्ला? किती टक्के फरक? ऑफिसात आकडे दाखवल्याशिवाय आपण साधा बग बंद करत नाही, मग घरच्या पैशाला वेगळा नियम का? आणि हे नीट समजावून सांगायला आपण घरी बसलो नाही, तर पत्रकवाला बसतोच.

बाबांना एवढंच म्हटलं, "त्याला सांगा, आधी लावून मीटरवर दाखव."

असो. पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर आता फवारणीचा हिशोब लिहिलाय :)