दुःख, शपथ आणि डॉक्टरकी

दहावीच्या निरोप समारंभाचा एक प्रघात आपल्या विद्यालयात पडून गेला आहे. बुद्धवंदना होते, पाहुण्यांचा सत्कार होतो आणि मग मुले एकेक करून ध्वनिक्षेपकापुढे येऊन आपण पुढे कोण होणार हे सांगतात. ‘मी डॉक्टर होणार’ असे सांगणाऱ्या मुलांच्या वाक्याला बहुधा एक ‘कारण’ जोडलेले असते आणि त्या कारणात आई, वडील, आजी किंवा पाठचे भावंड असते. कोणी घाटीच्या व्हरांड्यात वडिलांच्या उशाशी रात्री काढलेल्या असतात, कोणाची बहीण तालुक्याहून शहराकडे आणताना वाटेतच गेलेली असते. सर्वांत अधिक टाळ्या या मुलांना पडतात. त्या टाळ्या आम्हीही वाजविल्या आहेत, आणि या लेखात त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी आमच्या मनातून जात नाही. त्याचे नाव येथे लिहीत नाही. आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी सरली की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारे. मुलगा आपल्या वसतिगृहात. तो नववीत असताना आई गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेली. पुढल्या वर्षी निरोप समारंभात त्याने शपथ घेतली, “मी कर्करोगाचा डॉक्टर होणार. माझ्या आईसारखी कोणाची आई जाऊ देणार नाही.” सभागृह हेलावले. आम्ही त्याला जवळ घेतले, त्याचे छायाचित्र सूचना फलकावर लावले आणि पुढील दोन वर्षे नव्या मुलांना त्याचे उदाहरण देत राहिलो.

त्याने बारावीनंतर तीन वेळा नीट दिली. ७२० गुणांच्या त्या परीक्षेत प्रत्येक वेळी तो थोडा पुढे सरकला, पण प्रवेशाइतका नाही. शिकवणीच्या शुल्कासाठी वडिलांनी मुकादमाकडून जादा उचल घेतली, हे आम्हाला फार उशिरा कळले. आज तो एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि उत्तम करतो. दाखल्यासाठी विद्यालयात आला तेव्हा ‘माजी विद्यार्थी मेळाव्याला ये’ असे आम्ही म्हटले. तो खाली पाहून म्हणाला, “सर, कोणत्या तोंडानं येऊ?”

इतिहास शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वेळी जुनी माणसे आठवतात. घरातील मृत्यूमुळे वैद्यकाकडे वळलेली आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थिनी म्हणजे आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. तेथून त्यांचा निश्चय झाला, असे चरित्रे सांगतात आणि निबंधांतही तेवढेच लिहिले जाते. परंतु पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयात आपण अमेरिकेस का जात आहोत हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, तेव्हा भर होता तो या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे यावर. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगण्यास बायका संकोचतात आणि त्यात जीव गमावतात, हे त्यांनी ओळखले होते. स्वतःच्या घरातील पाळण्यापासून निघून त्या एका सामाजिक कारणापर्यंत पोहोचल्या होत्या. तेव्हा त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते. किसा गोतमीला तथागतांनी मोहरीसाठी घरोघर पाठविले, ती कथा आपल्या मुलांना पाठ असते; स्वतःचे मूल छातीशी धरून निघालेली ती स्त्री दुसऱ्यांच्या उंबरठ्यावर त्यांचे मृत्यू ऐकत फिरली, याकडे मात्र लक्ष क्वचित जाते.

आणि आनंदीबाईंचा शेवटही मुलांना सांगावयास हवा. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूर संस्थानाने रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली होती. परंतु क्षयाने खंगलेल्या त्या २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. दवाखाना चालविणे त्यांच्या वाट्याला आलेच नाही. म्हणून त्यांची शपथ खोटी ठरली, असे कोणी म्हणेल काय?

आमच्या विद्यार्थ्याला आम्ही उदाहरण केले, पण त्याच्या आईला एवढा उशीर का झाला, हा प्रश्न त्याला कधी विचारला नाही. उत्तर त्याच्याजवळ होते. रक्तस्राव फडातच सुरू झाला होता. परंतु उचल फिटेपर्यंत कोयता थांबत नाही; एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो, पैसे कापले जातात. पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, ती गावी आली आणि मग शहरातील शासकीय कर्करोग रुग्णालयात. तेथे डॉक्टर होते, यंत्रे होती, वेळ तेवढी उरली नव्हती. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाच्या समितीपुढे आलेले आकडे आम्ही वर्गात फळ्यावर लिहिले होते : पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली. या शस्त्रक्रिया डॉक्टरांनीच केल्या होत्या. तेव्हा डॉक्टरांची संख्या वाढली म्हणजे आया वाचतील, हे गणित इतके सरळ नाही.

येथे बाबासाहेबांचे स्मरण अपरिहार्य आहे. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार अपत्ये बाबासाहेबांनी आणि माता रमाईंनी गमावली. राजरत्न गेला तो १९२६ साली. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले असता बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना कामगारांच्या आरोग्य-विम्याची योजना प्रा. अडारकर यांच्या अहवालातून आकारास आली आणि तिच्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. आपल्या लेकरांच्या मृत्यूमुळे त्यांनी हे केले, असा सोपा धागा आम्ही जोडू इच्छित नाही. परंतु ज्या घरातून चार तिरड्या निघाल्या, त्या घरातील माणसाने आजारी माणसासाठी स्टेथोस्कोप न घेताही काय करून ठेवले, हे डॉक्टर होण्याची शपथ घेणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावे. ऊसाच्या फडापर्यंत त्यातले फारसे काही पोहोचलेले नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या आईचा प्रश्न तेथे अडकला होता.

शिक्षककक्षात हे बोललो तेव्हा एक सहकारी रागावले. “सर, ज्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्यांच्या मुलांना कोणी असे प्रश्न विचारते का? आपल्याच लेकरांची उमेद का खच्ची करता?” त्यांचा राग आम्हाला मान्य आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत आपली मुले आजही मोजकी आहेत, आणि जी पोहोचतात त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते हे मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने सर्व महाराष्ट्राला दाखविले. आपल्या मुलांनी डॉक्टर व्हावेच. राखीव जागा हा हक्क आहे आणि त्यातील एकही जागा रिकामी जाता कामा नये. प्रयोगशाळेतील नोकरीवर समाधान माना, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. आमची तक्रार स्वप्नाविषयी नाहीच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या ताज्या दुःखाला आपण व्यासपीठावर चढवितो, त्याच्याकडून मृत आईच्या साक्षीने वचन घेतो, आणि मग परीक्षेतील काही गुण कमी पडले की ते मूल आपण आईलाच फसविले असे समजून हिंडते, याविषयी आहे. असे ओझे घेऊन अभ्यासही धड होत नाही, हे त्या मुलाच्या तीन वर्षांनी आम्हाला शिकविले.

पालकांनाही एवढेच सांगणे आहे की, घरात आजार आला असता मुलाला ‘तू डॉक्टर हो’ म्हणण्याआधी त्या आजाराची सगळी हकिकत त्याला कळू द्यावी. पैसा कोठून आणला, गाडी किती वेळाने मिळाली, उपकेंद्राला कुलूप होते की नव्हते, कोणत्या परिचारिकेने धीर दिला, हे सारे. त्यातून मूल डॉक्टर होईल, परिचारिका होईल, वकील होईल किंवा कामगारांच्या संघटनेत जाईल.

यंदाच्या निरोप समारंभात ‘मी कोण होणार’ हा कार्यक्रम ठेवू नये, असा प्रस्ताव आम्ही मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्याऐवजी मुलांनी आपल्या गावच्या दवाखान्याविषयी पाहून-विचारून लिहिलेले निबंध वाचावेत. सूचना फलकावरील ते छायाचित्र आम्ही काढून आमच्या खणात ठेवले आहे. ते त्याचे त्यालाच परत द्यावयाचे आहे. रक्त कसे तपासतात हे नववी-दहावीच्या मुलांना येऊन समजावून सांग, असे पत्र त्याला धाडले आहे. हा लेख छापावयास जाईपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही.