सोबत कोण आहे?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांकडे रस्ता जातो. दरवाज्यापासून सहा-सात किलोमीटर, शेवटी चढ. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी मैत्रिणी तिथे सायकलवरून गेलो. दोन्ही बाजूंना झाडी, पाखरांचे आवाज, बाकी शांत. चढावर दम खायला थांबलो, तर एका गृहस्थांनी विचारलं, "दोघीच? सोबत कोणी नाही?"

दोघी असूनही सोबत नाहीच! तेवढ्यात पाड्यावरच्या दोन आदिवासी बायका डोक्यावर ओझं घेऊन पायी गेल्या. त्यांना गृहस्थांनी काही विचारलं नाही. बिबट्या काय सायकलवालीलाच गाठतो? बाई कामाला निघाली की रान सुरक्षित आणि मजेसाठी निघाली की धोक्याचं, असा हा हिशेब आहे.

तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, लोकांचे टोमणे ऐकत शिकल्या. सायकलमुळे पाणी आणणं, बाजारहाट करणं सोपं झालं, याचं कौतुक होतं. ते योग्यच. पण काही काम नसताना, नुसतं भटकायला सायकल काढणं हाही आपला हक्क आहे.

कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्या भिक्खुणींची नावं आहेत. या रानात बायका आजच आलेल्या नाहीत. ज्यांना खरंच काळजी आहे, त्यांनी पाड्यांवर पाणी, दवाखाना पोचला का, ते विचारावं. आम्हाला राखणदार नको, मोकळी वाट हवी.