विद्वत्तेचे माप कोणते?

कापसाचे वजन क्विंटलमध्ये होते, दूध लिटरने मोजतात आणि शेताची मोजणी हेक्टर-आरमध्ये होते. नांदुऱ्याच्या बाजारात कुणी जमीन मोजावयाची साखळी घेऊन दुधाची घागर मोजू लागला, तर लहान पोरसुद्धा हसेल. परंतु उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात अशीच मोजणी गेली काही वर्षे मोठ्या गंभीरपणे चाललेली आहे, आणि तिला हसावे की रडावे हेच मला कळेनासे झाले आहे.

एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनाचा प्रभाव किती, हे ठरविण्यासाठी इतर अभ्यासकांनी त्याच्या लेखनाचा उल्लेख किती वेळा केला, ते मोजतात. यालाच 'सायटेशन' म्हणतात. यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थाने १९६४ साली विज्ञानातील अशा उल्लेखांची सूची प्रसिद्ध केली. पुढे २००५ साली हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' काढला. त्याचे गणित सोपे आहे. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांचे उल्लेख अनुक्रमे ९, ७, ४, २ आणि १ वेळा झाले. यांपैकी तीन निबंधांना प्रत्येकी किमान तीन उल्लेख आहेत, चार निबंधांना चार नाहीत. म्हणून त्याचा निर्देशांक ३. आता दुसरा अभ्यासक घ्या. त्याने आयुष्यभर खपून एकच ग्रंथ लिहिला आणि पाचशे जणांनी त्याचा आधार घेतला. त्याचा निर्देशांक किती? तर १!

या मोजणीत काहीच चांगले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. वशिला, जात, गटबाजी, 'आपला माणूस' हे सारे आपल्या शिक्षणक्षेत्राला नवीन नाही. कुणा थोरामोठ्याच्या शिफारशीपेक्षा आकडा बरा, कारण तो कुणाच्या पुढेपुढे करीत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे. प्रश्न एवढाच, की त्या आकड्याला दिसते काय आणि दिसत नाही काय?

याचे उत्तर शोधावयाला फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या मलकापूर तालुक्यातील नरवेल या खेड्यात १९०८ साली विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म झाला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले, १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण त्यांची खरी कमाई वेगळीच आहे. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपींच्या कुलपात मठामठांतून बंद होते. त्या पोथ्या मिळवून, ताडून, पाठभेद लावून कोलते यांनी ते वाङ्मय अभ्यासकांपुढे ठेवले. १९७८ साली त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध झाले. अ‍ॅन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषींनी श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रसिद्ध केले. त्या मूळ मराठी चरित्राचे संपादन कोलते यांनी त्यापूर्वीच केलेले होते. महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. प्रभाव म्हणावयाचा तो याहून निराळा काय असतो? परंतु हा प्रभाव मराठी ग्रंथांच्या तळटिपांत आणि प्रस्तावनांत साठलेला आहे. आणि उल्लेख मोजणाऱ्या जागतिक यंत्रणांचा भर मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांवर! दिवा जिथे आहे तिथेच हरवलेली वस्तू शोधण्यासारखा हा प्रकार आहे.

बरे, परकी यंत्रणा सोडा. आपल्या घरची तऱ्हा काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीतील तक्त्यात भाषा आणि मानव्यविद्यांतील एका शोधनिबंधाला १० गुण होते, तर राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाचे संपादन करणाऱ्याला ८. म्हणजे त्या तक्त्याने मोजले असते तर 'लीळाचरित्रा'चे संपादन एका पाचपानी निबंधापेक्षा दोन गुणांनी कमी भरले असते! मग शहाणा माणूस पोथ्या कशाला धुंडाळील? तो निबंध छापील. आणि तसेच घडले. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याचा संभव होता. मग 'केअर' नावाची नवी यादी आली, आणि ती बंद केल्याचेही आयोगाने २०२५ साली जाहीर केले. याद्या येतात आणि जातात. मोजण्याची हाव मात्र जात नाही.

यात खरे नुकसान कुणाचे? माझ्या मते आमचे, विद्यार्थ्यांचे. आपल्या परिसरातील बोली, पूर्णाकाठच्या लोककथा, जुन्या घरांतील दप्तरे यांवर काम करावयाला उद्या कुणी अध्यापक तयार झाला नाही, तर ते शिकविणार कोण? ज्या विषयाला आकडा नाही, तो विषयच नाही, असे समजणारी पिढी तयार झाली, तर दुसरे कोलते नरवेलला काय, कुठेच जन्माला येणार नाहीत.

तथापि, केवळ आयोगाला नावे ठेवून आपली सुटका नाही. सातशे वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून. पुढे पाठ वेगळे पडले, तेव्हा 'वासना', 'शोध' अशा खुणा करून तो भेदही नोंदविला गेला. कुणाचे काय, हे सांगण्याची रीत मराठी गद्याला इतकी जुनी आहे! आणि आम्ही? गाइडातले परिच्छेद उतरवितो आणि ते कुणाचे, हे सांगत नाही. मराठीतल्या मराठीतच जिथे ऋण मान्य केले जात नाही, तिथे जगाने ते मोजावे ही अपेक्षा कशी करावयाची?

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली. त्याच चिकाटीने आज कुणी मराठी संशोधनातील उल्लेखांची सूची करावयास घेतली पाहिजे. संगणक हाताशी असताना हे काम अशक्य नाही. विद्यापीठांनी ते करावे; पण आरंभ आपल्या महाविद्यालयातूनही होऊ शकतो. प्रत्येकाने आपल्या निबंधाखाली, ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव, ग्रंथ आणि पृष्ठ लिहावे. आणि अध्यापकांची निवड करणाऱ्यांनी आकडा जरूर पाहावा. पण त्याआधी त्या माणसाने लिहिलेले निदान एक पुस्तक वाचावे. विद्वत्ता मोजण्याचा त्याहून जुना आणि त्याहून खरा मार्ग मला तरी माहीत नाही.