मोजणीबाहेरची माणसे

येत्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरला. जात मोजावी की न मोजावी, यावर रकानेच्या रकाने खर्ची पडले. ज्यांना आजवर मतिमंद म्हटले गेले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्यांची 'बौद्धिक अक्षमता' या नावाखाली नोंद केली, त्यांच्या मोजणीविषयी मात्र फारशी चर्चा आमच्या वाचनात आली नाही.

२०११ च्या जनगणनेत अशा व्यक्ती देशात सुमारे १५ लाख आढळल्या. म्हणजे हजारी सव्वा. त्याच वर्षी अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण हजारी दहाहून किंचित अधिक निघाले, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते धनिक देशांच्या जवळजवळ दुप्पट होते. मग आपलाच देश एवढा भाग्यवान कसा? हा हिशेब आमच्या खानदेशास लावून पाहावा. जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांची २०११ ची लोकसंख्या मिळून सुमारे ६३ लाख. देशाच्या दराने त्यांत अशी माणसे आठ हजारांच्या आत भरतात, जगाच्या दराने ६३ हजार. मधली पंचावन्न हजार गेली कोठे?

ती आपापल्या घरीच आहेत. दारी आलेल्या प्रगणकाला "आमच्या घरात तसे कोणी नाही" असे सांगणारा बाप खोटारडा नसतो. धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे असते. शिवाय व्यंग सौम्य असेल तर गुरे वळणाऱ्या वा कापूस वेचणाऱ्या मुलास गावात कोणी वेगळा मानीत नाही. शाळेच्या बाकावर बसताच तोच 'मंद' ठरतो. धनिक देशांत तीव्र स्वरूपाचे प्रमाण हजारी तीन-चार असे बरेचसे स्थिर आढळते. सौम्य प्रमाण मात्र शाळा, व्यवसाय आणि मोजपट्टी यांबरोबर हलते.

मोजपट्टीचीही कथा आहे. बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळकरी मुलांसाठी केलेली कसोटी पुढे अमेरिकेत सुधारली गेली आणि व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात ती कन्नड व मराठी मुलांसाठी बेतली. कार्य मोलाचे खरे. परंतु घरी पावरी वा अहिराणी बोलणाऱ्या मुलास ग्रांथिक मराठीत प्रश्न घातले, तर परीक्षा भाषेची होते. असल्या आकड्यांवरून एखाद्या जमातीची बुद्धी ठरवू पाहणाऱ्यांशी आमचे जमणार नाही.

तथापि सर्वच फरक कागदी आहे असे म्हणणे हाही पळपुटेपणा होईल. अडलेल्या प्रसूतीत बाळाचा श्वास कोंडणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, आयोडीनची उणीव ही कारणे गरिबाघरी अधिक घडतात आणि बव्हंशी टाळता येतात. आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरील बंदी २००० मध्ये उठविली गेली. ती पुन्हा लादण्यास २००५ उजाडले. नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून थायरॉइडची उणीव कळते, आणि वेळीच दिलेली स्वस्त गोळी त्याची बुद्धी वाचविते. ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हावयास हवी. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चालही जोखीम वाढविते. हे आप्तांना रुचणार नाही. पण सांगितले पाहिजे.

सरकारी सवलतींना चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यावरील आईस त्यासाठी धुळ्याची वारी घडते व दिवसाची मजुरी बुडते. एक लाख रुपयांच्या 'निरामय' आरोग्यविम्याचे नाव तरी तिच्या कानी कसे पडावे? आमची मागणी माफक आहे. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी प्रगणकांच्या प्रशिक्षणातील एक दुपार या विषयास द्यावी. "घरात मतिमंद आहे काय?" असे न विचारता, मूल उशिरा चालू-बोलू लागले काय, सांगितलेले त्यास समजते काय, समवयस्कांप्रमाणे ते आपले आपण जेवते व कपडे घालते काय, असे विचारण्यास त्यांना शिकवावे, आणि हे प्रश्न शक्यतो आईस विचारावेत.