स्कोअर नको, अपटाइम सांगा

इंडियन सुपर लीगचा पहिला आठवडा सुरू झाला की आपल्याकडे दोन जमाती उगवतात. एक "यंदा कप आपलाच"वाली आणि दुसरी "संपलं, कोच बदला"वाली. दोघांचाही सॅम्पल साइज एक सामना! ऑफिसात कोणी एकदाच रन करून बेंचमार्क काढला तर आपण त्याला उभा करणार नाही, फुटबॉलमध्ये मात्र सगळं चालतं. माझं मत सरळ आहे. पहिल्या आठवड्याच्या टेबलाला काडीची किंमत नाही. पहिल्या आठवड्याला मात्र आहे. कसं ते सांगतो.

2014 चा, म्हणजे या लीगचा अगदी पहिला आठवडा घ्या. 12 ऑक्टोबरला कोलकात्यात मुंबई सिटी 3-0 ने हरली. झाली रडारड सुरू. 18 तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याच मुंबईने पुण्याला 5-0 धुतलं. आंद्रे मोरिट्झची हॅटट्रिक, लीगमधली पहिली. मुंबईकर एकदम हवेत! आणि साखळी संपली तेव्हा? पुणे सहावं, मुंबई सातवी. 14 सामन्यांत मुंबईचे एकूण गोल 12, त्यातले पाच त्या एका संध्याकाळचे. घरच्या मैदानावर पहिलाच सामना चेन्नईकडून हरलेला गोवा टेबलात दुसरा आला, ते वेगळंच.

आमच्या नंदुरबारच्या मिरचीवाल्यांना हे समजावावं लागत नाही. पावसाळा सरला की मार्केटात ओली लाल मिरची यायला लागते. पहिल्या गाडीला काय भाव मिळाला यावरून कोणी हंगामाचा हिशेब मांडत नाही. पण समजा बाजार समितीने सांगितलं, "यंदा हंगामच नाही, घरी जा", तर?

फुटबॉलमध्ये नेमकं हेच झालं. 2025 च्या जुलैत आयोजकांनी नवा सीझन थांबवून ठेवला, कारण फेडरेशनबरोबरचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, पहिला आठवडा उजाडलाच नाही. 2019 मध्ये मुंबई सिटीत 65 टक्के हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुपसुद्धा डिसेंबर 2025 मध्ये बाहेर पडला. ज्या क्लबने 2020-21 मध्ये शील्ड आणि कप दोन्ही जिंकले, त्याची ही गत!

म्हणून म्हणतो, स्कोअर नको, अपटाइम सांगा. आय-लीग 24 नोव्हेंबर 2007 ला सुरू झाली, धेंपो विरुद्ध साळगावकर. 2016 मध्ये दोघांनीही तिच्यातून अंग काढून घेतलं. त्या पहिल्या सीझनमधला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद. मुंबई एफसी 2017 मध्ये गुंडाळला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादला गेली, आणि 2025 मध्ये तो हैदराबादचा क्लबही दिल्लीला हलला. क्लब आहे की बदलीवरचा कारकून?

"अरे, धंदा आहे. तोटा झाला की शटर खाली," असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. मान्य. पण मग आमच्याकडून निष्ठा कशाला मागता? नंदुरबारहून पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या पोराला टीम वारशात मिळत नाही. जिल्ह्यात व्यावसायिक क्लब नाही, सगळं टीव्हीवर. तो स्वतः एक टीम निवडतो, जर्सी घेतो, अनोळखी शहरात त्या जर्सीमुळे चार ओळखी होतात. क्लब बंद झाला की खेळाडूला दुसरा क्लब मिळू शकतो. या पोराने काय करायचं? दिल्लीची जर्सी घ्यायची?

कोल्हापुरात बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... परदेशी मालक नाही, सिनेमातला हिरो नाही. तरी शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. तिथे भांडणं होतात, शिट्ट्या होतात, पण आपली तालीम पुढच्या वर्षी असेल का, ही चिंता घेऊन कोणी गॅलरीत बसत नाही. आणि ही खात्री असते म्हणूनच माणूस पोराला खांद्यावर बसवून मॅचला नेतो.

लीगवाल्यांकडून माझी मागणी फार नाही. स्टार आणू नका, उद्घाटनाला नाचगाणी नकोत. पुढच्या पाच वर्षांच्या पहिल्या आठवड्याच्या तारखा आजच जाहीर करा, आणि क्लब चालवायला घेणाऱ्याकडून तेवढ्या वर्षांची अनामत आधीच घ्या. मध्येच पळाला तर पैसे तिथल्या पोरांच्या अकादमीला.

एवढं केलंत तर पहिल्याच सामन्यात आमची टीम 5-0 ने हरली तरी चालेल. शिव्या घालू, पण पुढच्या ऑक्टोबरात परत येऊ :)